विश्वेश्वरय्यांनी नोकरी सोडली, तेव्हा त्यांच्या हातात काय होतं?

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हटलं की बहुतेकांना रेल्वेची गोष्ट आठवते. रात्रीची गाडी, रुळाच्या आवाजात जाणवलेला फरक, त्यांनी ओढलेली साखळी आणि पुढे खरोखर तुटलेला निघालेला रूळ. दरवर्षी १५ सप्टेंबरला, म्हणजे अभियंता दिनाला, ही गोष्ट व्हॉट्सॲपवर हमखास फिरते. तिच्या खरेखोटेपणात शिरायचं कारण नाही. कारण रुळाचा आवाज ओळखतात म्हणून विश्वेश्वरय्यांना कुणी काम दिलं नाही.

त्यांना कामं मिळत गेली ती वेगळ्या कारणाने. १९०८ मध्ये त्यांनी ब्रिटिश सरकारची पक्की नोकरी सोडली. पुढचं काम ठरलेलं नव्हतं. तरीही काही महिन्यांत हैदराबादच्या निजाम सरकारचं बोलावणं आलं, १९०९ मध्ये म्हैसूर संस्थानाने त्यांना मुख्य अभियंता केलं आणि १९१२ मध्ये तेच म्हैसूरचे दिवाण झाले.

हे कसं झालं? उत्तर शोधायचं तर पुणे, धुळे, सक्कर आणि खडकवासला अशी एक फेरी मारावी लागते.

शिष्यवृत्तीवर पुण्यात

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी गावचा. आजच्या कर्नाटकात हे गाव चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात येतं. वडील संस्कृतचे जाणकार होते. ते लवकर गेले आणि घरची परिस्थिती ओढाताणीची झाली. विश्वेश्वरय्या बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकले, तेही मुलांच्या शिकवण्या घेऊन. १८८१ मध्ये ते बी. ए. झाले.

पुढे म्हैसूर संस्थानाने त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. हेच आजचं सीओईपी. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत त्यांचा पहिला क्रमांक आला. त्या बळावर १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पहिला क्रमांक त्यांना नोकरीच्या दारापर्यंत घेऊन गेला. त्यापुढच्या टप्प्यांवर उपयोगी पडलं ते प्रत्यक्ष केलेलं काम. मार्कशीटचं वय फार नसतं, हे तेव्हाही खरं होतं.

पांझरा ते सक्कर: अडचणीतून तयार झालेली ओळख

सुरुवातीची नेमणूक नाशिक आणि खानदेशात होती. रस्ते, इमारती, पाण्याची कामं असा सगळा मिसळीचा कारभार. खानदेशात पांझरा नदीच्या परिसरात त्यांना पाण्याचा नळ नदीपात्राखालून पलीकडे न्यायचं काम मिळालं. यालाच नळ-सायफन म्हणतात. एका काठावर पाणी खाली उतरतं, नळातून पात्राखालून जातं आणि स्वतःच्याच दाबाने दुसऱ्या काठावर वर येतं. पावसाळ्यात नदीला पूर आला की खोदलेल्या जागी वाळू भरायची आणि काम पुन्हा मागे जायचं. नव्या अभियंत्यासाठी ही कसोटीच होती.

याच पांझरा खोऱ्यात फड पद्धत जुनी आहे. नदीवर बंधारा घालायचा, लाभक्षेत्राचे फड पाडायचे, कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं ते गावाने मिळून ठरवायचं आणि पाणी पाळीने द्यायचं, अशी तिची रीत. ही पद्धत लक्षात ठेवा, कारण तिच्याशी जुळणारी एक कल्पना पुढे येणार आहे.

पुढचा मोठा टप्पा सक्करचा. सिंध प्रांत तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सिंधू नदीच्या काठावरच्या सक्कर शहराला पिण्याचं पाणी हवं होतं. नदी उशाशी होती, पण पाणी गढूळ. ते स्वच्छ करायला गाळणीचे मोठे हौद बांधावे लागणार होते आणि नगरपालिकेकडे तेवढा पैसा नव्हता.

विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदायचं ठरवलं. वाळूतून झिरपत आलेलं पाणी मुळातच गाळलेलं असतं. ते विहिरीत गोळा करायचं आणि तिथून पंपाने टेकडीवरच्या टाकीत चढवायचं. गाळणीचं काम नदीच्या वाळूनेच केलं. १८९५ मध्ये ही योजना पूर्ण झाली.

आता हे काम कसं सांगता येईल ते पाहा. सक्करला पाणीपुरवठ्याची योजना केली, असं एका ओळीत म्हणता येतं. किंवा असं सांगता येतं: शहराकडे गाळणीसाठी पैसे नव्हते, म्हणून नदीच्या वाळूचाच गाळणीसारखा उपयोग केला आणि कमी खर्चात शहराला स्वच्छ पाणी मिळालं. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण दुसरं वाक्य ऐकणाऱ्याला कळतं की पैसा कमी असेल तेव्हा हा माणूस डोकं कसं चालवतो. आणि पैसा कमी असलेली शहरं सक्करशिवायही पुष्कळ होती.

खडकवासल्याची दारं

सुरत आणि इतर ठिकाणची कामं करून विश्वेश्वरय्या पुण्यात आले. इथे न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्यांशी त्यांचा परिचय झाला. १८९८ मध्ये रजा काढून ते जपानला जाऊन आले. आशियातला एक देश शिक्षण आणि कारखाने यांच्या जोरावर किती झपाट्याने बदलतो आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. नंतर पुणे जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

पुण्याला आणि मुठा कालव्याला पाणी देणारा खडकवासला तलाव तेव्हा फाइफ तलाव म्हणून ओळखला जायचा. पावसाळ्यात तो तुडुंब भरायचा आणि सांडव्यावरून पाणी वाहून जायचं. उन्हाळ्यात तेच पाणी कमी पडायचं. पूर ओसरला की सांडव्यावर दरवर्षी तात्पुरता बांध घालून थोडं जास्तीचं पाणी अडवलं जाई. हा बांध पुढच्या पुराआधी असून चालत नसे. म्हणजे दर वर्षी तोच खर्च आणि तीच धावपळ.

धरणाची उंची वाढवणं हा सरळ उपाय होता, पण तो महागडा होता. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर बसवायची स्वयंचलित दारं तयार केली. वजनाने तोललेली ही दारं ठरावीक पातळीपर्यंत बंद राहून पाणी अडवतात. पाणी त्या पातळीच्या वर जाऊ लागलं की वाढलेल्या पाण्याच्याच जोराने तोल बदलतो आणि दारं उघडतात. पाणी उतरलं की पुन्हा मिटतात. रात्री-अपरात्री पूर आला तरी दार उघडायला माणूस धावत जायची गरज नाही. १९०३ मध्ये ही दारं बसली आणि मूळ सांडव्याच्या वर सुमारे ८ फूट पाणी साठवता येऊ लागलं. धरण तेच राहिलं, साठा वाढला.

या दारांचं पेटंट त्यांच्या नावावर झालं. पुढे ग्वाल्हेर संस्थानातल्या तिगरा धरणावर आणि कावेरीवरच्या कृष्णराजसागरावर त्याच धर्तीची दारं वापरली गेली. सरकारी नोकरीत असताना लावलेला शोध म्हणून त्यांनी त्यावर स्वामित्वधन घेतलं नाही, असं सांगतात. पैसे त्यांना मिळाले नसतील, पण ज्याला धरण बांधायचं होतं त्याच्यासाठी खडकवासला हा चालता-बोलता दाखला होता. जाऊन पाहता येईल असा.

ब्लॉक पद्धत: अपयशी दिसणाऱ्या कालव्यांचं काय करायचं?

याच काळात, १९०१ मध्ये, सरकारने देशातल्या पाटबंधाऱ्यांची तपासणी करायला आयोग नेमला. दख्खनमधल्या कालव्यांची तक्रार जुनी होती. बांधायला भरपूर खर्च झाला, पण उत्पन्न कमी. पाऊस चांगला झाला की शेतकरी कालव्याचं पाणी घ्यायचे नाहीत आणि दुष्काळ पडला की सगळ्यांना एकदम हवं असायचं. कालव्याच्या तोंडाशी ऊसवाले पाणी ओढून घ्यायचे, शेवटच्या टोकाला कोरड.

विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. पाणी थोड्याच गावांत भरमसाट द्यायचं नाही. जास्त गावांना द्यायचं, पण प्रत्येक गावात चांगल्या जमिनीचा एक ठरावीक गट निवडायचा. त्या गटात पिकांची फेरपालट करायची: काही भागात ऊस, बाकीच्या भागात कमी पाण्याची पिकं, आणि पुढच्या वर्षी बदल. त्यामुळे पाण्याचा हिशेब आधीच करता येतो, जमीन चिबड होण्याचा धोका कमी होतो आणि लाभ एकाच गावात अडकत नाही. नीरा कालव्यावर या पद्धतीचा प्रयोग झाला. खानदेशातल्या फड पद्धतीशी तिचं साम्य सहज नजरेत भरतं.

या कामातून त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. हा माणूस केवळ बांधकाम करून थांबत नाही, बांधलेलं नीट वापरलं कसं जाईल याचाही विचार करतो. धरणं बांधणारे इतर अभियंते होतेच. पाणी, पीक, महसूल आणि शेतकऱ्याची सवय ही चारही टोकं एकत्र धरणारे मोजकेच होते.

१९०६ मध्ये सरकारने त्यांना एडनला पाठवलं. तिथला पाणीपुरवठा आणि सांडपाण्याचा प्रश्न अभ्यासून त्यांनी अहवाल दिला. त्याच वर्षी त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळालं. म्हणजे वरून पाहिलं तर सगळं उत्तम चाललं होतं.

मग नोकरी का सोडली?

कारण पुढची पायरी दिसत होती, पण तिच्यावर पाय ठेवता येणार नव्हता. त्या काळी मुख्य अभियंत्याच्या खुर्चीची वाट भारतीय माणसाला जवळपास बंद होती. २४ वर्षांच्या नोकरीनंतर, पन्नाशी गाठण्याआधीच, १९०८ मध्ये ते खात्यातून बाहेर पडले आणि परदेश दौऱ्यावर निघाले.

आजच्या भाषेत सांगायचं तर ही करिअरच्या मधोमध आलेली मोकळी जागा होती. निवृत्तिवेतन होतं, त्यामुळे पोटाची काळजी नव्हती. पण खातं, पद, हाताखालची माणसं, यांपैकी काहीही उरलं नव्हतं. हुद्दा काढून घेतला की बऱ्याच लोकांची ओळखच संपते. विश्वेश्वरय्यांकडे मात्र सक्करची विहीर, खडकवासल्याची दारं, ब्लॉक पद्धत आणि एडनचा अहवाल होता. यातलं काहीही राजीनाम्याबरोबर सरकारदरबारी जमा करावं लागलं नाही.

हैदराबाद: जुन्या कामाची नवी परीक्षा

२८ सप्टेंबर १९०८ ला हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसं बुडाली, शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. निजाम सरकारला दोन गोष्टी हव्या होत्या. असा पूर पुन्हा येऊ नये यासाठी उपाय आणि शहराची नव्याने बांधणी. विश्वेश्वरय्या तेव्हा युरोपात होते. तिथेच त्यांना निरोप गेला आणि दौरा आटोपून १९०९ मध्ये ते हैदराबादला आले.

यापूर्वी त्यांनी महापुराने मोडलेलं शहर उभं केलेलं नव्हतं. मग त्यांनाच का बोलावलं असेल? त्यांची आधीची कामं शेजारी-शेजारी ठेवून पाहा. पूर येताना पाणी कसं अडवायचं आणि कसं सोडायचं, हे खडकवासल्यात झालं होतं. शहराला पिण्याचं पाणी कसं द्यायचं, हे सक्करला. सांडपाण्याचा निचरा कसा करायचा, हे एडनला. हैदराबादचा प्रश्न या तिन्हींची बेरीज होता.

त्यांनी पावसाच्या नोंदी तपासल्या, नदीचं पाणलोट क्षेत्र पाहिलं, वरच्या भागातले फुटलेले तलाव पाहिले. शहरात नदीच्या कडेने भिंती उंच करत बसण्यापेक्षा पूर शहराच्या वरच अडवावा, हा त्यांचा मुख्य सल्ला होता. त्यातून मुसीवर उस्मानसागर आणि तिच्या उपनदीवर, ईसीवर, हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. पहिला १९२० मध्ये आणि दुसरा १९२७ मध्ये पूर्ण झाला. पुराला आवर घालणारे हे तलाव शहराची तहानही भागवू लागले.

म्हैसूर: होकार देण्याआधी विचारलेला प्रश्न

१९०९ च्या अखेरीस म्हैसूर संस्थानाने मुख्य अभियंत्याचं पद देऊ केलं. ज्या संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते शिकले, तिथलंच हे बोलावणं. शिवाय मुंबई इलाख्यात जी खुर्ची मिळणार नव्हती, तीच ही खुर्ची. तरीही त्यांनी लगेच होकार दिला नाही. नेहमीची डागडुजी करायची आहे की तंत्रशिक्षण आणि उद्योग वाढवायला वाव मिळणार आहे, याची त्यांनी आधी खात्री करून घेतली. जुन्या कामाचा हाही एक उपयोग असतो. ज्याच्याकडे दाखवण्यासारखं काम आहे, तो पुढच्या कामाबद्दल प्रश्न विचारू शकतो.

कृष्णराजसागर धरणाचा प्रस्ताव ही म्हैसूरमधली सगळ्यात मोठी लढाई ठरली. कावेरीवरचं हे धरण संस्थानाच्या ऐपतीच्या मानाने प्रचंड होतं. अर्थखात्याला खर्चाची धास्ती होती. एवढ्या विजेचं आणि पाण्याचं करायचं काय, हाही प्रश्न होता. विश्वेश्वरय्यांनी खर्चाला परतावा जोडून दाखवला. १९०२ पासून शिवनसमुद्रची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. धरण झालं तर उन्हाळ्यातही पाणी मिळेल आणि विजेचा पुरवठा अखंड राहील. शिवाय मंड्या भागातल्या कोरडवाहू जमिनीला कालवे मिळतील. महाराज कृष्णराज वाडियार यांनी मंजुरी दिली आणि १९११ मध्ये काम सुरू झालं.

खाली मद्रास इलाखा होता आणि त्याचा विरोध होता. पहिल्या टप्प्याला कमी उंचीचीच परवानगी मिळाली. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र पूर्ण उंचीच्या हिशेबाने घातला. परवानगी पुढे मिळालीच नसती तर हा खर्च अंगावर आला असता. १९२४ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला आणि धरण पुऱ्या उंचीपर्यंत गेलं. सिमेंट महाग होतं म्हणून बांधकामाला सुरखी, म्हणजे विटांची भुकटी आणि चुना यांचं मिश्रण वापरलं गेलं.

दिवाणपद आणि एक न सुटलेला प्रश्न

१९१२ मध्ये ते दिवाण झाले. त्यांच्या काळात १९१३ मध्ये बँक ऑफ म्हैसूर, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ आणि १९१७ मध्ये बेंगळुरूचं अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. चंदन तेलाचा आणि साबणाचा कारखाना याच काळातला. दिवाणपद घेण्याआधी त्यांनी नातेवाइकांना एकत्र बोलावून कुणीही शिफारस मागायची नाही असं बजावलं, ही आठवणही नेहमी सांगितली जाते.

मात्र १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडलं, आणि त्यामागची कहाणी गौरवगीतांत सहसा येत नाही. म्हैसूरच्या सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार मोठं होतं. इतर समाजांना वाटा मिळावा यासाठी महाराजांनी मिलर समिती नेमली. नोकऱ्या गुणवत्तेवरच दिल्या जाव्यात, राखीव जागांनी कारभाराचा दर्जा घसरेल, असं विश्वेश्वरय्यांचं मत होतं. महाराजांनी आपला निर्णय बदलला नाही आणि दिवाण बाजूला झाले.

ज्या माणसाला केवळ भारतीय म्हणून वरची खुर्ची नाकारली जात होती, त्याला दुसऱ्यांसाठी बंद असलेली दारं दिसली नाहीत, हे आज खटकतं. त्यांना स्वतःला शिकण्याची संधी सरकारी शिष्यवृत्तीने दिली होती. स्वतःच्या यशाची गोष्ट सांगताना आपण मेहनत मोजतो, पण सुरुवातीला मिळालेला हात मोजायचा राहून जातो. पाणलोटातला प्रत्येक ओढा मोजणाऱ्या अभियंत्याकडूनही ही मोजणी राहिली. मिलर समितीच्या शिफारशी पुढे अमलात आल्या आणि सामाजिक न्यायाच्या इतिहासात त्या महत्त्वाच्या मानल्या जातात.

नव्वदीनंतरही काम

दिवाणपद सोडल्यावर पुन्हा तेच घडलं. पद गेलं, काम थांबलं नाही. तोट्यात चाललेला भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना १९२३ मध्ये त्यांच्याकडे सोपवला गेला आणि त्यांनी तो रुळावर आणला. त्या कामाच्या मानधनातून बेंगळुरूत तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहावी, अशी व्यवस्था त्यांनी केली. टाटा स्टीलच्या संचालक मंडळावर ते अनेक वर्षं होते. १९३४ मध्ये त्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेचा आराखडा पुस्तकरूपाने मांडला. स्वतंत्र भारताचा नियोजन आयोग तेव्हा १६ वर्षं दूर होता.

नव्वदी ओलांडल्यावरही बिहारमध्ये मोकामा इथल्या गंगेवरच्या पुलासाठी सरकारने त्यांचा सल्ला घेतला. १९५१ मध्ये त्यांनी आठवणी लिहिल्या आणि पुस्तकाच्या नावातच काम हा शब्द ठेवला. त्या आठवणींत घरगुती गोष्टी कमी आणि धरणं, समित्या, योजना जास्त आहेत. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. एप्रिल १९६२ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्याच्या आदल्याच वर्षी, १२ जुलै १९६१ ला, पानशेत धरण फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचं जुनं धरणही फोडलं. ज्या कामाने त्यांचं नाव झालं, त्या जागेवरच पाणी फिरलं. पण तोवर तिथली कल्पना दुसऱ्या नद्यांवर जाऊन पोचली होती.

आपल्यासाठी यात काय आहे?

नोकरी बदलताना, मुलाखतीला जाताना किंवा मोठ्या खंडानंतर पुन्हा काम शोधताना आपण जुन्या कामाची यादी देतो: अमुक कंपनीत इतकी वर्षं, तमुक पद, अमुक पुरस्कार. यादी चुकीची नसते, पण ती वाचणाऱ्याला आपल्याकडे असलेल्या अडचणीशी जोडता येत नाही.

विश्वेश्वरय्यांच्या कामांकडे पाहिलं तर प्रत्येक कामात चार गोष्टी सापडतात. अडचण काय होती, हात कशाने बांधलेले होते, नेमकं काय केलं आणि त्यामुळे मोजता येईल असं काय बदललं. खडकवासल्याचंच घ्या. उन्हाळ्यात पाणी कमी पडत होतं. धरण उंच करणं परवडणारं नव्हतं. स्वयंचलित दारं बसवली. ८ फूट जास्त पाणी साठलं. चार छोटी वाक्यं, आणि ऐकणाऱ्याला स्वतःचं धरण डोळ्यांपुढे दिसू लागतं.

आपलं काम धरणाएवढं असायची गरज नाही. समजा, तुम्ही एका दुकानात हिशेब पाहत होता. पाच वर्षं हिशेबनीस होतो, हे एक सांगणं झालं. उधारी वसूल होत नव्हती, वेगळा माणूस नेमायला पैसे नव्हते, म्हणून दर सोमवारी थकबाकीची यादी काढून फोन करायची पद्धत सुरू केली आणि तीन महिन्यांची उधारी एका महिन्यावर आली, हे दुसरं. नवा मालक किराणा विकत असो की औषधं, उधारी त्याचीही थकलेली असतेच.

आणखी दोन गोष्टी. पहिली म्हणजे, जुनं काम तसंच्या तसं पुढे रेटायचं नसतं. हैदराबादला विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याची नक्कल केली नाही. आधी तिथला पाऊस आणि तिथली नदी समजून घेतली, मग आपल्या अनुभवातलं काय लागू पडेल ते निवडलं. मुलाखतीला जाण्याआधी समोरच्याचा पूर कुठून येतो आहे, हे पाहायला हवं. दुसरी म्हणजे, हे सगळं आठवून सांगायचं तर वेळीच लिहून ठेवावं लागतं. काम संपलं की आकडे विसरतात, कागद सापडत नाहीत आणि श्रेय कुणाचं यावर वाद होतात. महिन्याला एक पान पुरे: काय अडलं, काय केलं, किती फरक पडला, कुणी मदत केली.

शेवटचा रकाना विसरू नका. मदत कुणाची झाली, हे लिहिल्याने आपलं काम लहान होत नाही. उलट ते खरं वाटतं. विश्वेश्वरय्यांच्या गोष्टीतही म्हैसूरची शिष्यवृत्ती, पुण्याचं कॉलेज, पैशाची जोखीम घेणारे महाराज आणि कृष्णराजसागरावर सुरखी कालवणारे हजारो मजूर आहेत. त्यांच्याशिवाय दारं एकट्याने उघडली नसती.